गुरूच्या शेपटीतले सर

आमच्या समोरचे सर पुंडलिकनगरात राहतात, असा फक्त पोस्टमनचा समज आहे. खरं तर त्यांचा मुक्काम गेली कित्येक वर्षं गुरू ग्रहाच्या शेपटीत आहे. इकडं ते जेवायला आणि कॉलेजात तास घ्यायला तेवढे येतात. गुरूला शेपूट असतं हे मला तरी कुठं माहीत होतं? मी चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा माणूस, ग्रहांशी माझा संबंध पत्रिका जुळवण्यापुरता. पण सरांच्या समोर घर घेतलं आणि फुकटात शहाणा झालो. गुरूच्या चुंबकीय रेषा सूर्याच्या उलट बाजूला लांबच लांब ओढल्या जातात, तेच त्याचं शेपूट. त्याचा एक चंद्र सतत गंधकाचा धूर ओकतो, त्या धुराचा प्लाझ्मा होतो, म्हणजे विजेनं भारलेला वायू, आणि दहा तासांत गिरकी मारणारा गुरू त्याला आपल्याबरोबर गरगरा फिरवतो. वायू साठत जातो, रेषा ताणल्या जातात, आणि मग उलट दिशांच्या दोन रेषा भिडून तुटतात नि नव्यानं जोडल्या जातात. या फेरजोडणीत प्लाझ्म्याचा एक मोठा गोळा शेपटीतून बाहेर फेकला जातो. मला झोपेतून उठवलं तरी मी हे सांगेन, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

सरांना वेळकाळ लागत नाही. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सणच. एका रविवारी पाणी आल्याची हाक ऐकून मी मोटार लावायला निघालो, तर फाटकाशी सर उभे. फक्त दोन मिनिटं, म्हणाले, आणि रेषा ताणायला लागले. त्या तुटून जोडल्या जाईपर्यंत नळ कोरडा पडला. बायको गच्चीवरून जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. सर मात्र शांत. गुरूचंही असंच आहे म्हणाले, भरत राहतो, पण केव्हा सुटेल त्याचं टाइमटेबल नाही. दुसऱ्या एका सकाळी बेल वाजवून त्यांनी ‘लई मोठा गोळा सुटलाय’ एवढंच सांगितलं, तर बायकोनं गॅस सुटला समजून धावत जाऊन आधी सिलिंडर बंद केला. चौकशीअंती कळलं, गोळा शनीच्या शेपटीतून सुटला होता आणि तोही बऱ्याच वर्षांपूर्वी. यानानं धाडलेल्या जुन्या आकड्यांत सरांना तो आत्ता सापडला होता. मग सरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडं, म्हणजे वहिनींकडं कणीक मागून प्रात्यक्षिक झालं. कणीक ताणली, मध्ये बारीक झाली, तुटली. एक भाग सरांच्या मुठीत परतला आणि एक छोटा गोळा फरशीवर पडला. तो गोळा पुढं जातो कुठं, असं मी विचारलं.

“जातो लांब. परत येत नाही.”

“मग त्याचं काय होतं?”

“त्याच्याकडं कोण बघतंय? आम्ही गुरूकडं बघतो,” म्हणत सरांनी हात धुतले.

एवढं आभाळ जवळ केलेल्या या माणसाचं सख्ख्या भावाशी मात्र बोलणं नव्हतं. सर बिडकीनच्या मेंढपाळाच्या घरातले. कारखान्यांसाठी रानं गेली, चरायला जागा उरली नाही, तेव्हा थोरल्या भावानं सगळी मेंढरं विकली. धाकट्याला विचारलं नाही, हाच गुन्हा. ज्यानं वीस वर्षांत मेंढराच्या पाठीवर हात फिरवला नव्हता, तो मेंढरांपायी भावाच्या घरचं पाणीही पिईना. पण दरवर्षी चंपाषष्ठी आली की पंचाईत व्हायची. खंडोबाची तळी उचलायची तर ताम्हणाला पाच पुरुषांचे हात हवेत. सरांचा मुलगा परगावी, म्हणून गल्लीतले चौघं पकडून आणायचे. त्यांतला पहिला मी. आमचं कुलदैवत देवी, पण सरांपायी मीही येळकोट म्हणायला शिकलो. तळी खाली ठेवली की सर आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसायचे. डोळे लाल घेऊन बाहेर यायचे आणि भंडारा गेला म्हणायचे.

यंदा चंपाषष्ठीच्या तोंडावर मीच पहिली पाळी सुटल्यावर बिडकीन गाठलं. खरं सांगतो, सरांची दया आली होती, पण भाऊ मिळाला तर माझे रविवार सुटतील हाही हिशेब होता. थोरल्यानं चहा दिला. त्यांच्याकडंही तीच पंचाईत, थोरले स्वतः, म्हातारे वडील आणि दोन मुलगे, पाचवा हात शेजारून आणायचा. मी उठलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “त्याला म्हणावं, मेंढरं इकली व्हय, पर त्या दिशी मी जेवलो नाय.”

चंपाषष्ठीच्या सकाळी मी तसंच सरांना सांगितलं. ते रागवायच्या तयारीत दिसले, म्हणून मी त्यांचंच त्यांना ऐकवलं. “सर, एका दिशेच्या रेषा कधीच जोडल्या जात नाहीत, उलट्याच जोडल्या जातात, असं तुम्हीच शिकवलंत ना? बसा गाडीवर.”  सर चप्पल शोधायला लागले.

दुपारी बिडकीनच्या अंगणात ताम्हण आलं. दोघा भावांनी समोरासमोरून कड धरली. सवयीनं मीही पुढं झालो, तर वडील मायेनं म्हणाले, “पाव्हणं, बसा तुम्ही. औंदा घरचेच पाच झाले.” मी बाजूला झालो. येळकोट झाला, ताम्हण वर गेलं, आणि थोरल्यानं उधळलेला भंडारा नेमका माझ्या डोक्यावर येऊन पडला. समोर सर भावाच्या खांद्याला धरून उघडउघड रडत होते. मला फार बरं वाटलं. सर रात्रीला तिथंच राहिले. पैठण रोडनं मी एकटा परतलो, मागच्या सीटवरून शनीबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता सर नि वहिनींचा रविवार बिडकीनला जातो. तिथं थोरल्याला शेपूट समजावणं चालू आहे म्हणे, आणि तो माणूस ऐकूनही घेतो. गेल्या रविवारी इकडं नळाला पाणी आलं. मला कुणी अडवलं नाही, टाकी काठोकाठ भरली, बायको खूश. मी मोटार बंद केली आणि तरी बराच वेळ फाटकाशी उभा राहिलो, सरांच्या दाराच्या कुलपाकडं बघत.