दर सौद्याला एक मूठ

धानाच्या काट्याखाली दिवसभर दाणे सांडत राहतात. मुद्दाम कोणी सांडत नाही. सायंकाळी झाडू मारला की पायलीभर निघतात. आमच्या शेडमधले किस्से असेच जमले. यंदा जरा जास्त जमले, कारण यंदा आम्ही सारे एकाच विषयावर भांडलो. कॉलेज फुकट असावं का, आणि त्याचा पैसा शेअर बाजारातून काढावा का?

हसू नका. गोंडपिपरीच्या धानाच्या शेडमध्ये यावर अख्खा हंगाम भांडण चाललं. मी तिथला मापारी. शिक्षण चौथी. केस पांढरे होईस्तोवर धान मोजलं, पण माझ्या मापात खोट काढणारा अजून भेटलेला नाही.

* * *

सुरुवात देवाजीच्या मुलीनं केली. देवाजी आमच्याकडचा सर्वांत जुना हमाल. बौद्ध मोहल्ल्यात घर. कोणाचा चहासुद्धा फुकट पीत नाही. मुलगी प्रणाली चंद्रपूरला कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. दिवाळीच्या सुट्टीत बापाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय वाचून दाखवला. "शेअरच्या प्रत्येक व्यवहारावर जादा कर लावून सरकारी महाविद्यालयांतील शिक्षण निःशुल्क करावे."

आमच्याकडे शेअर कोणी म्हणत नाही. शेर म्हणतात. मैनाबाई तेव्हा चहा गाळत होती. शेडमधला चहा आणि झाडू दोन्ही तिच्याकडे. तिनं गाळणी खाली ठेवली.

"शेरावर टॅक्स लावून राह्यले? बरं होईन. मागच्या साली माही शेळी नेली त्यानं. पहिले थे वसूल करा, मंग कॉलेजचं पाहा."

प्रणालीनं समजावलं, "मावशी, हा जंगलातला शेर नाई. बाजारातला आहे."

मैनाबाईनं दरवाज्याकडे पाहिलं. "बाजारात बी आला?"

* * *

हसणं थांबलं तेव्हा देवाजी मुलीला म्हणाला, "भाषण देऊन घे. पुढच्या साली कॉलेज नाई."

शिष्यवृत्ती आहे. पण ती मागाहून येते. फी आधी लागते, खोलीचं भाडं आधी लागतं, आणि पोट रोज लागतं. देवाजीचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. त्याला हे सारं तोंडानं सांगावं लागलं नाही. तो पोत्यावर बसला होता आणि उठताना त्यानं खांबाला धरलं. प्रणालीनं ते पाहिलं. विषयाचा कागद घडी करून डब्यात ठेवला.

* * *

शेडचा मालक गुलाबशेट. त्याच्या शर्टाच्या खिशात धानाचा नमुना कायम असतो. बोलता बोलता एक दाणा काढतो, दातानं फोडतो, ओला की वाळलेला ते सांगतो. दुसऱ्या हातात मोबाईल. धानाचा व्यापार हंगामात, शेअरचा बारा महिने. शेअर घेतला की "हं" म्हणतो, विकला की "हुश्श" म्हणतो. आम्हाला आवाजावरून कळतं.

विषय ऐकून त्याला राग आला.

"सौद्यावर टॅक्स आत्ता बी कटते, बाई. आणखी लावला तर माणूस सौदाच नाई करणार. मंग तुमचं कॉलेज कायच्यावर चालन?"

"शेटजी, दिवसातून किती सौदे करता तुम्ही?" प्रणालीनं विचारलं.

"चार-दोन."

सकाळपासून मी एका जागी बसून "हं" आणि "हुश्श" ऐकत होतो. मी म्हणालो, "करून पाहू."

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. पायलीनं माप होत असे तेव्हा पोत्यामागे एक मूठ धान मापाऱ्याचं असे. शेतकरी स्वतः भरून द्यायचा. ती भीक नव्हती, बक्षीस नव्हतं. तो मापाऱ्याचा हक्क होता. कोणी बोटं ढिली सोडून अर्धी मूठ पुढे केली, तर मी भांडत नसे. हात पुढे ठेवून एकच शब्द बोलत असे. "भरा." पुढे इलेक्ट्रिक काटा आला, पायली माळ्यावर गेली आणि मूठही गेली.

मी तेलाचा रिकामा पिपा आणून शेटच्या गादीजवळ ठेवला. म्हणालो, "दर सौद्याला एक मूठ धान यात. तुमचे सौदे कमी झाले तर तुम्ही खरे. पिपा भरला तर ते धान प्रणालीच्या खोलीवर जाईल."

चार-दोन सौदे तोंडातून गेले होते. शेटला नाही म्हणता आलं नाही.

* * *

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पिप्याचा तळ दिसेनासा झाला. शेटनं वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे सारे माहेच?"

"तुमचेच जी," मैनाबाई म्हणाली. "आम्ही कुठी शेर पाळले?"

* * *

आठवड्याभरात पिप्यात पडणारं धान कमी झालं. शेट खूश. "पाहा, सौदे घटले. मी सांगून राह्यलो होतो."

मला पटेना. "हं" ऐकू येत नव्हतं, "हुश्श" ऐकू येत नव्हतं, पण शेट दर घटकेला बाहेर जात होता. वय झालं, लघवीचा त्रास असेल, असं मी दोन दिवस धरून चाललो. तिसऱ्या दिवशी मैनाबाई बैलांचं शेण टाकायला मागे गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "मापारीभाऊ, शेटजी निंबाखाली उभे राहून हं-हुश्श करून राह्यले."

मी गेलो. शेट निंबाखाली उभा होता.

"शेडमधल्या सौद्याची मूठ ठरली होती," तो म्हणाला. "हे झाड शेडच्या बाहेर हाये."

मी वाद घातला नाही. आत गेलो, पिपा उचलला, निंबाखाली आणून ठेवला. माझी कंबर तीन दिवस दुखली.

* * *

एकदा शेटनं खरा मुद्दा काढला. तेवढं मी मान्य करतो. तो म्हणाला, "माहा पोरगा नागपूरले शिकते. फी भराची माही ऐपत हाये. त्याचं शिक्षण फुकट काऊन? ज्याले गरज त्यालेच द्या ना."

प्रणाली सुट्टीच्या दिवशी आली होती, तिनं मुद्दा वहीत लिहून घेतला.

मैनाबाई कप धूत होती. "तुमच्या घरासमोरच्या बोरिंगवर शेटाणीबाई पाणी भरतेत का नाई?"

"भरतेत."

"तिथी कोणी विचारते का, तुमच्या घरी नळ हाये, तुम्ही काऊन आल्या म्हणून? विचारत नाई. म्हणून बोरिंग बिघडली तर शेटाणीबाई बी वरडतेत. नुसती आमची असती तर केव्हाची गंजून गेली असती."

शेटनं खिशातला दाणा काढला, फोडला आणि ओला आहे असं म्हणाला. धान कडक वाळलेलं होतं.

* * *

दोन पिपे भरले. तिसरा सुरू झाला. पण देवाजी हात लावेना.

"दान मले चालत नाई," तो म्हणाला.

मी त्याला मुठीचा अर्थ सांगितला. मूठ हक्काची असते, दान मर्जीचं असतं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"तुम्ही माप करत होते, मापारीभाऊ. मंग तुम्हाले मूठ. मी शेटजीच्या शेरामांगं कोणतं काम केलं?"

मी माणसांना गप्प करतो. मला गप्प करणारे कमी. देवाजीनं केलं. पिपे भिंतीशी तसेच उभे राहिले. संक्रांत गेली. प्रणालीची खोली सोडण्याची तारीख देवाजीनं घरमालकाला कळवूनही टाकली. वार्षिक परीक्षा झाली की सामान आणायचं.

* * *

त्याच दिवसांत शेटाणीबाई शेडवर आल्या. सहसा येत नाहीत. आम्हाला वाटलं, घरचं धान मुठीमुठीनं जातं म्हणून भांडायला आल्या. शेटलाही तसंच वाटलं असावं. तो गादीवर सावरून बसला.

त्या माझ्याकडे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तो पिपा हटवू नका."

"काऊन जी?"

"मूठ भराच्या आळसानं हे सौदे कमी करून राह्यले. आता जेवताना मोबाईल नाई पाहत. परवा मले विचारलं, भाजीत काय टाकलं म्हणून. लगन झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं."

* * *

स्पर्धेच्या आठ दिवस आधी चिठ्ठ्या निघाल्या. कोणी विषयाच्या बाजूनं बोलायचं आणि कोणी विरोधात, हे चिठ्ठीवर ठरतं. प्रणाली सुट्टीच्या दिवशी शेडवर आली ती विरोधाची चिठ्ठी घेऊनच. म्हणजे कॉलेज फुकट नको, सौद्यांवर जादा कर नको, असं तिनं बोलायचं.

हमालांनी हाय खाल्ली. मैनाबाई म्हणाली, "चिठ्ठी बदलून घे." प्रणालीनं वहीतली जुनी पानं उलटली, कोरं पान काढलं आणि सरळ शेटच्या गादीसमोर बसली.

"सांगा शेटजी. आता तुमचे मुद्दे द्या."

शेटला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. ती परत गेल्यावरही त्यानं आठवडाभर रोज फोनवर तिला शिकवलं. सौदे घटतात. व्यापारी दुसरीकडे पळतो. ऐपतवाल्यानं फुकट काऊन शिकावं? फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायचा, "पोट्टी हुशार हाये. बिलकुल माह्यासारखी बोलते."

एकदा तिनं मलाही फोनवर भाषण ऐकवलं. मी म्हणालो, "शब्द जास्त आहेत. माल कमी." तिनं दोन पानं फाडली. तेव्हा भाषण वजनाला उतरलं.

* * *

स्पर्धेच्या दिवशी शेटनं आपली गाडी काढली. देवाजी येत नव्हता. मी म्हणालो, "बस." तो बसला. मैनाबाई आधीच बसली होती.

कॉलेजच्या आत मी पहिल्यांदाच गेलो. पायऱ्या चांगल्या होत्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

प्रणाली उभी राहिली. आवाज कापला नाही. म्हणाली, "अध्यक्ष महोदय, कर लावला की सौदा थांबत नाही, सौदा जागा बदलतो. शेडमध्ये कर लावाल तर व्यापारी निंबाच्या झाडाखाली जाईल. झाडाला दार नसतं. मग माझ्यासारख्या मुलीला तुम्ही कोणत्या भरवशावर सांगता, की तुझं शिक्षण फुकट आहे?"

शेट मान हलवत होता. मुद्दा त्याचाच होता. मग ती म्हणाली, "ज्याचा भरवसा नाही ते देऊ नका. माझे वडील पुढच्या वर्षी माझं कॉलेज थांबवणार आहेत. ते मला मान्य आहे. खोट्या आशेपेक्षा ते बरं."

देवाजी खाली पाहू लागला. शेटची मान थांबली.

भाषणं संपल्यावर सूत्रसंचालकानं विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला प्रश्न आहे का. शेट उभा राहिला. आम्ही त्याला खाली ओढलं. तो बसला नाही.

"प्रश्न नाई, उत्तर हाये," तो म्हणाला. "पिपा झाडाखाली नेता येते."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. "आपण कोण?"

"धानाचा व्यापारी. मीच पळालो होतो झाडाखाली. यायनं पिपा तिथी आणला." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी समोर पाहत राहिलो. "आणि ऐका. मी सावलीत बसून हं-हुश्श करतो, कारण हा देवाजी माही पोती उचलते. पोती उचलली नाई तर मी कायच्या पैशानं शेर घेईन? थे दान नोहे. इतकंच सांगाचं होतं."

प्रणाली मंचावरून म्हणाली, "शेटजी, तुम्ही माझ्या बाजूचे होते."

"तुह्याच बाजूचा हाओ, बाई," शेट म्हणाला आणि बसला.

तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला विषयाच्या बाजूनं बोलणाऱ्या मुलाला गेला. गाडीत बसेपर्यंत शेट बडबडत होता, "माह्यामुळं गेला. चूप बसलो असतो तर पहिली आली असती."

प्रणालीलाही सोबत घेतलं होतं, दोन दिवस घरी राहायला. दुपारचे दोन वाजून गेले होते. शेअर बाजार बंद व्हायला अवकाश होता. ड्रायव्हर गाडी चालवत होता. शेटनं मोबाईल काढला, काहीतरी दाबलं आणि सवयीनं म्हणाला, "हं."

सारे त्याच्याकडे पाहू लागले. पिपा शेडवर होता. शेटनं इकडेतिकडे पाहिलं, मग शर्टाच्या खिशात हात घातला. नमुन्याचं धान काढलं. बोटं ढिली होती, अर्धं खिशातच राहिलं. ती मूठ कोणापुढे करावी ते त्याला कळेना.

शेजारी बसलेल्या देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर पसरला. हात पुढे केला. शेटच्या मुठीकडे पाहिलं.

"भरा," देवाजी म्हणाला.