सुमनची साक्ष

पोलीस स्टेशन आणि कोर्ट पाहिलेल्या घरात किस्से जळगावच्या धुळीसारखे साठतात. झटकले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच! माझी धाकटी बहीण सुमन आता नाही, पण मित्र जमले की तिच्या केसचा विषय निघतोच.

केस साधी होती. नव्वदच्या आसपास पिंप्राळ्यात आमच्या घरात शिरून कुणीतरी सुमनच्या हातातली सोन्याची पाटली ओरबाडून नेली. हात मोडला. संशय गल्लीतल्या गोकुळवर; पण पाहिलं होतं एकट्या सुमननं. आणि सुमनला ऑटिझम. तिची साक्ष धरली नाही, तर गोकुळ सुटून पुन्हा आमच्याच गल्लीत!

*

फौजदारांनी टेबलावर दंडुका आपटला. सुमननं कान झाकले, मान खाली घातली.

"नजर चोरतेय मास्तर, काहीतरी लपवतेय!" ते मला म्हणाले. मग समोर चहा पीत बसलेल्या गोकुळकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघा, कसा नजरेला नजर देतो!"

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बहिरी आहे?"

"नाही."

"वेडी?"

"नाही. ऑटिझम. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"ते मुंबईला असेल हो. खान्देशात नसतं!"

*

काही मदत मिळते का म्हणून धुळ्याच्या एका ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग. कशात बसवू हिला?" तेवढ्यात त्यांना तिचा हात दिसला. चेहरा खुलला. "प्लास्टर असेपर्यंत अस्थिव्यंग धरू का?"

*

एरंडोलची अक्का भेटायला आली. म्हणाली, "तिले काय समजस? मंग दुखस कसं?"

सुमन तेव्हा रडत होती.

*

शेवटी कोर्ट. मे महिना. सुमन पिंजऱ्यात उभी, काही बोलेना. वर पंखा खडखडत होता, त्या आवाजानं ती कासावीस झालेली. मी आमच्या वकिलांना म्हटलं, "पंखा बंद करायला सांगा."

गोकुळचे वकील उसळले. "साहेब, जळगावच्या उन्हात पंखा बंद? ही कोणत्या कायद्यात सवलत आहे?"

न्यायाधीशांनी कपाळ पुसलं. "बंद करा."

सगळं शांत झालं. न्यायाधीशांनी हळू विचारलं, "सुमनताई, त्या दिवशी काय झालं?"

सुमन ऐकलेलं जसंच्या तसं बोलायची, ज्याचं त्याच्याच आवाजात. तिनं घसा खाकरला आणि जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाटली काढ, नही ते हात मोडी टाकसू!"

मागच्या बाकावर डोळा लागलेली गोकुळची आई दचकून उठली.

"गोक्या, चूप! वकीलसनी सांगेल शे ना, तोंड उघाडू नको!"