आठातलं उजवं वळण

मंठ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायला लागून मला अठरा वर्षं झाली. शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी चार प्रश्न विचारते आणि उत्तरं वहीत लिहून घेते. आधी काय चालवलंय, चष्मा आहे का, लायसन कशासाठी हवं, आणि कधीपर्यंत हवं. एवढं कळलं की पुढच्या तारखा लावता येतात.

गेल्या वर्षी जत्रेच्या दिवसांत एक जण आला. तिशीचा, जाड मनगटांचा. बायको बरोबर होती, ती दारातच थांबली.

"टू-व्हीलरचं लायसन पायजे, मॅडम. गाडी येती मला."

"आधी काय चालवलंय?"

"यामाहा."

"कुठं?"

"भिंतीवर."

मी पेन खाली ठेवलं. दारातून बायको हसली. "खरंच सांगून राह्यले ते. जत्रंत मौत का कुआँ आलाय न्हाई का, त्यातले आम्ही. दोघंबी."

तो कुआँ मी बाहेरून पाहिला होता. फळ्यांची उंच गोल विहीर. लोक वर कठड्याला उभे राहून आत वाकतात, आणि हे दोघं तळापासून वेग घेत उभ्या फळ्यांवर गाड्या चढवतात. बाहेरच्या बोर्डावर दोघांचं चित्र होतं: दोन गाड्या आणि मधे एकमेकांचा धरलेला हात.

लायसन कशासाठी, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं. वर्षभरापासून वर गेलं की तिच्या डोळ्यांपुढे काळं येत होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या वेगात गरगर फिरताना डोक्याला रक्त पोचत नाही. जमिनीवर काही त्रास नाही. वर मात्र एक दिवस पडशील. कुआँचा मालक जोडीच ठेवत होता, एकटं कुणी नको होतं त्याला. त्यामुळे उतरायचं तर दोघांनी, आणि खाली काहीतरी काम हाताशी असल्याशिवाय उतरायचं कसं? मंठ्यात पार्सल पोचवायचं काम घेणारा एक जण होता, माझ्याकडेच गाडी शिकलेला. लायसन आणलं तर ठेवून घेतो, असं तो यांना म्हणाला होता.

"कधीपर्यंत हवं?"

"इथं तीन हप्ते हावोत, मंग आष्टीला तीन. मंग कर्नाटकात."

मी कॅलेंडर काढलं. लर्निंग लायसन याच आठवड्यात. त्यानंतर तीस दिवस थांबायचं. आष्टीचा मुक्काम उठायच्या दोन दिवस आधी मंठ्यातच आरटीओचं शिबिर होतं. "बसतंय बराबर," मी म्हणाले. असं बसलं की मला बरं वाटतं. तेव्हाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डाच्या मागच्या मैदानात मी चुन्याच्या फक्कीने आठचा आकडा आखला. टू-व्हीलरच्या परीक्षेत त्या रेषेवरून पाय न टेकता फिरायचं असतं. एक गोल डावीकडे, एक उजवीकडे. कॉलेजातल्या मुली दोन दिवसांत शिकतात.

डावा गोल त्याने असा काढला की यार्डातले हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले. उजव्या गोलाला गाडी सरळ रेषेबाहेर गेली. परत केलं. परत बाहेर गेली. तिसऱ्यांदा त्याने पाय टेकला.

"मॅडम, ह्याला भिंत बांधून द्या!" एक हमाल ओरडला. "जमिनीवर न्हाई जमून राह्यलं त्याला!"

सोळाव्या वर्षापासून तो कुआँत होता, आणि कुआँत गाडी एकाच बाजूला फिरते. कायम डावीकडे. मी विचारलं, "रस्त्यावर काय करतोस मग?"

"रस्त्यावर टेंपोत बसून जातो, मॅडम. गाडी रस्त्यावर काढलीच न्हाई कधी."

सहा आठवडे आम्ही त्या उजव्या गोलावर घालवले. आष्टीला गेल्यावर ते दोघं सकाळच्या एसटीने परतूरला गाडी बदलून यायचे आणि दुपारच्या खेळाला परत जायचे. मी मान वळवायला शिकवलं, वेग कमी ठेवायला शिकवलं, नुसतं चालत त्या रेषेवरून फिरवलं. थोडं सुधारलं. दहातून तीनदा जमायला लागलं. ती रोज कडेच्या सिमेंटच्या पाइपवर बसून बघायची.

एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं, की तसल्या वेगात हँडल सोडून बायकोचा हात धरायची भीती वाटत नाही का.

"आधी ते पब्लिकसाठी व्हतं," तो म्हणाला. "आता तिच्यासाठी हाये. तिचा हात सैल पडला का मला कळतं, हिला अंधारी आली. मंग मी दाबतो, अन् दोघं खाली येतो."

"दाबत्यात कसले," ती म्हणाली. "बोटं मोडत्यात."

त्याच आठवड्यात एका सकाळी त्याने सलग पाच वेळा पाय टेकला. ती पाइपवरून उठली. "सरका, इकडं द्या." ओढणी कमरेला बांधली आणि गाडी घेतली. डावा गोल, उजवा गोल, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. इतक्या सावकाश की फक्की उडाली नाही. गाडी माझ्यापाशी थांबवून म्हणाली, "माहेरी मोपेडवर घरोघर दूध घालायची मी. बोळंच तसले व्हते."

मी त्याला म्हणाले, "बघ. असं. ती मान आधी कशी वळवते ते बघ." ती परत पाइपवर जाऊन बसली.

शिबिराच्या दिवशी ऊन होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डावा गोल बघून तपासणीचे साहेब म्हणाले, "वा!" उजव्या गोलात त्याने पाय टेकला. साहेबांनी आणखी एक संधी दिली. त्या वेळी गाडी घसरली आणि रेषेवरच आडवी झाली.

"लागलं का? नाही ना? मग आठ दिवसांनी जालन्याला या," साहेब शांतपणे म्हणाले. पण दोन दिवसांत कुआँ कर्नाटकात निघणार होता, आणि पार्सलवाल्याला सोमवारपासून माणूस हवा होता. तो आधीच सहा आठवडे थांबला होता.

नवरा गुडघा झटकत उभा होता. ती गेली, गाडी उचलली आणि तशीच रेषेवरून चालवत परत आणली. आधी उजवीकडून, मग डावीकडून. साहेबांनी माझ्या फायलीतले कागद चाळले.

"यांचा फॉर्म कुठाय?"

"त्यांचा नाही भरला."

"का?"

माझ्याकडे शिकणाऱ्यांत निम्म्या बायका असतात. 'बाईमाणसाला कशाला गाडी' म्हणणाऱ्या बापांना आणि सासऱ्यांना मी टेबलावर हात आपटून उत्तरं दिली आहेत. आणि ही बाई सहा आठवडे माझ्या डोळ्यांसमोर बसून होती. मी वहीत तिला त्याच्या लायसनचं कारण म्हणून लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी दोघांचं लर्निंग काढलं असतं तर त्या सकाळी ती पास होऊन निघाली असती. पार्सलवाल्याला बाई चालली असती की नाही, ते मी त्याला विचारलंच नव्हतं.

बसस्टँडवर मी तिला म्हणाले, "तुझं लर्निंग आज काढू. महिन्याने परीक्षेला ये."

"महिन्यानं आम्ही कुठं असू, काय म्हाईत." मग म्हणाली, "त्या दिवशी मैदानात इचारणार व्हते मी तुम्हाला. पण तुम्हीच काय बोलल्या न्हाईत. मंग वाटलं, नसंल चालत."

तो फाइल छातीशी धरून एसटीकडे बघत उभा होता.

तीन महिन्यांनी पार्सलवाल्याचा माणूस काम सोडून गेला. मी लगेच पार्सलवाल्याला गाठलं आणि या वेळी विचारलं. तो म्हणाला, "पार्सल टायमात पोचलं का झालं, मॅडम. बाई असो का बाप्या." मी तिथूनच फोन लावला. दुपारचे चार वाजले होते. फोन नवऱ्याने उचलला. मागे गाडीचा घूं घूं आवाज जवळ यायचा, लांब जायचा.

"ती कुठंय?"

"वर हाये, मॅडम."

"आणि तू?"

"मी खाली. हात मोडला, महिना झाला. प्लास्टर हाये."

"मग वर कोण आहे तिच्याबरोबर?"

"कुणी न्हाई. आता माझीबी पाळी तीच करून राह्यली. न्हाई केली तर मालक दोघांना जा म्हणतो. थांबा, उतरली का देतो."

मी फोन कानाला लावून थांबले. आवाज फिरत राहिला, मग हळूहळू खाली आला. तिला धाप लागली होती. मी कामाचं सांगितलं. पार्सलवाला तयार आहे, लर्निंग काढू, तोवर माझ्या स्कूलच्या मागची खोली तुम्हाला देते.

"ह्यांचं प्लास्टर निघू द्या, मॅडम. इथं खायचं-राह्यचं तरी हाये. मोडक्या हातानं ह्यांना घेऊन कुठं फिरू?"

"अंधारी येते का अजून?"

"येती."

"मग काय करतेस?"

"आली का डोळे मिटून घेते. फळ्यांच्या आवाजावर चालवते. जरा वेळानं दिसतं परत."

मी म्हणाले, आजच उतर, खोलीची किल्ली माझ्या हातात आहे. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. तिकडे माइकवर पुढच्या खेळासाठी लोकांना बोलवायला सुरुवात झाली होती.