म्हादूची आई

परवा कराडच्या एसटी स्टँडवर एक म्हातारी सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या गालांवरून हात फिरवत होती. बस सुटायला आली होती, तरी तो वाकून तसाच उभा होता. मला माझे आजोबा आठवले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबा फौजेतून हवालदार होऊन गावी परतले. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण दर दिवाळीनंतर ते म्हादूच्या आईला भेटायला जायचे. म्हादू त्यांच्याच तुकडीतला, लढाईत मारला गेलेला. एका वर्षी त्यांनी मलाही सोबत नेलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन.

म्हातारीला दिसत नव्हतं, आठवणीही विस्कटल्या होत्या. तिनं आबांचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "म्हादू, लई वाळलास रं."

मी तोंड उघडणार तोच आबांनी माझा हात दाबला.

"सुट्टीच मिळत नाही, आई," ते म्हणाले, आणि तिनं पुढं केलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

परतताना मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"खरं दोनदा सांगितलं, बाळा. दोन्ही वेळा तिचा पोरगा माझ्यासमोर नव्यानं मेला. तिसऱ्यांदा धीर झाला नाही."

माणूस एकदाच जातो असं आपण म्हणतो. पण ते जितक्यांदा सांगावं लागतं, तितक्यांदा तो जातो.

आबांना जाऊन चार महिने झाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या पलटणीतल्या एका थकलेल्या सोबत्याचा फोन आला.

"हवालदार हाय का घरात?"

"रानात गेलेत," मी म्हणाले, आणि फोन ठेवून कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले.