ठसा जुळत नाही

तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणत. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे पत्ते बदलले, जन्मतारखा दुरुस्त केल्या. मग नवा कायदा आला. इंटरनेटवर टोपणनावानं लिहिणाऱ्या प्रत्येकानं खिडकीवर येऊन अंगठा द्यायचा. मग त्याच्या नव्या-जुन्या लिखाणाखाली खरं नाव आणि गाव दिसणार. न येणाऱ्याचं नाव फोन नंबरावरून आपोआप लागणार. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात शिवणकाम करणारी एक बाई रांगेतून पुढे आली.

"गावही दिसेल?"

"हो, गावही."

ती खिडकीत वाकली. "ताई, मार खाणाऱ्या बायका मला विचारतात, घर कसं सोडायचं. मी सांगते. मी तशीच पळून आलेय. तो अजून शोधतोय मला."

"मग खातं बंद करून टाका."

"बंद करायलाही आधी अंगठाच मागतात."

ताईंना एक नियम आठवला. ठसा जुळला नाही, तर सहा महिन्यांची मुदत मिळे. तोवर नाव झाकलेलं राही. त्यांनी मागची रांग पाहिली आणि पुटपुटल्या, "अंगठा नको. करंगळी ठेवा."

लाल दिवा लागला.

"सुया टोचून बोटं झिजलीत तुमची," ताई मोठ्यानं म्हणाल्या. "मुदत घ्या."

पुढच्या आठवड्यापासून बायका येऊ लागल्या. "ताई, आमचीही बोटं झिजलीत." ताईंना नाही म्हणवेना. डबा तसाच परत जायचा.

महिन्याच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. "बाकीच्या खिडक्यांवर तीन-चार ठसे जुळत नाहीत. तुमच्याकडे एक्केचाळीस. सगळ्या बायकाच. काय भानगड आहे?"

"भांडी घासणाऱ्या बायका, साहेब. रेषा राहतात कुठे?"

साहेब हसले नाहीत. "उद्या तपासणीला माणूस येतोय. काय सांगायचं ते ठरवून या."

त्या संध्याकाळी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अगं, वेड लागलंय का तुला? पेन्शनला सहा वर्षं राहिलीत!" तो उठून दोन फेऱ्या मारून आला. "किती जणी म्हणालीस?"

"एक्केचाळीस."

"बरं. उद्या मी येतो. बाहेर बाकावर बसतो."

तपासणीवाल्यानं चार तास तेच तेच प्रश्न विचारले. ताई एकच उत्तर देत राहिल्या: यंत्र जुनं आहे. शेवटी यंत्र बदललं, खिडकीवर कॅमेरा लागला, आणि ताईंची बदली तळघरातल्या रेकॉर्डला झाली. दिलेल्या मुदती मात्र कायद्यानं कुणाला रद्द करता येत नव्हत्या. शिवणकामवाली त्या मुदतीत गाव सोडून गेली. कुठे, ते ताईंनी विचारलं नाही. माहीत नसलेलं कुणाला सांगता येत नाही.

चौकशी अजून बंद झालेली नाही. सरकारी पाकीट आलं की ताई ते नवऱ्याच्या हातात देतात आणि तो वाचून होईपर्यंत स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या राहतात.