इंजेक्शनचं दूध

दोनदा गोळ्या बदलूनही आईची लघवीची जळजळ आणि ताप हटेना, तेव्हा मी कोपरगावच्या औषध दुकानदारावर डूख धरला. माणूस फार गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांचा मला मुळातच भरवसा नाही. गोळ्या बनावट असणार, याची माझी खात्रीच झाली. पुढच्या गोळ्या मी मुद्दाम नगरहून आणल्या. तरी ताप तसाच. मग संशय आईवर गेला. गोळी गालात धरून नंतर मोरीत थुंकत असेल, म्हणून मी तिला तोंड उघडून दाखवायला लावलं. तिने दाखवलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

अंगात हुडहुडी भरून ती बरळायला लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. मी पार घाबरलो होतो. लघवीची तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या खऱ्या आहेत, आईंनी घेतल्याही आहेत. पण त्यांच्या अंगातले जंतू एक एन्झाईम तयार करतात. ते औषधच तोडून टाकतं. आता शिरेतून दुसरं द्यावं लागेल."

ते लागू पडलं. ताप उतरला, आई उठून बसली. असे जंतू आले कुठून, हे मात्र मला स्वस्थ बसू देईना. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, पूर्वी अशी औषधं वरचेवर पोटात जायची का?

"मी कशाला औषधं घेतीय?" आई म्हणाली. "गाईची कास सुजली की तिला इंजेक्शन देत्यात. त्या दिसांचं दूध तेवढं घरात असतंय."

"डेअरीला नाही घालत?" मी विचारलं.

"न्हाई बा. तिथलं दूध लोकांची लेकरं पित्यात. पाप कशाला घ्यायचं?"

हे ती अभिमानाने सांगत होती. दुधात उतरलेल्या त्या औषधामुळेच झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. नसेल, असंही म्हणाल्या नाहीत.

"म्हणजे तुम्ही एकट्याच ते पीत होतात?" त्यांनी आईला विचारलं.

"मला कुठं दूध आवडतंय? चहापुरतं. बाकी समदं नातीला. सुट्टीत आली की पेला भरून देते."

मी बाहेर येऊन शहरातल्या घरी बायकोला फोन केला आणि मुलीला ताप आहे का विचारलं. नव्हता. तरी म्हटलं, पुन्हा एकदा हात लावून बघ.