वास नसलेलं घर

मोहर्लीहून चंद्रपूरला येणारा रस्ता बराचसा जंगलातून जातो. मधल्या पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते. त्या सकाळी मी नेहमीसारखा आमच्या मोहर्लीहून सुटणाऱ्या एसटीत तिकिटं देत होतो. मागून एक जीप सारखा हॉर्न वाजवत आली. ड्रायव्हर वैतागला, "लय घाई दिसते याले." मी म्हटलं, "जाऊ दे ना त्याले पुढे. असंन काही काम." त्यानं बस कडेला घेतली आणि जीप धूळ उडवत निघून गेली... चंद्रपूर जवळ आलं तसा खिशातला फोन थरथरू लागला. शेजारच्या विलासभाऊंचे किती तरी फोन येऊन गेले होते. त्या जीपमध्ये माझी बायको होती. शालू. दवाखान्याच्या दारात उतरवेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

नंतर मी जीपमध्ये तिच्यासोबत असलेल्या विलासभाऊंना एकदाच विचारलं, "तिनं बस पाह्यली होती का?" ते म्हणाले, "डोये मिटून होत्या वहिनी." ते खरं बोलले की माझ्यासाठी बोलले, कोणास ठाऊक. मी परत विचारलं नाही. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी पुन्हा त्याच रस्त्यावर ड्युटी करतो. मागून हॉर्न वाजला की हातातलं तिकीट हातातच राहतं.

शालू सावली तालुक्यातली, धानाच्या बांध्यांत वाढलेली. तिला स्वच्छतेचं फार वेड. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं आमच्या घरातली सगळी भांडी अंगणात काढली आणि चुलीची राख घेऊन घासायला बसली. माझी आई गमतीनं म्हणाली, "अवो, भांडे झिजतीन ना!" मोहर्लीत पर्यटक वाढले, रिसॉर्ट झाले, तेव्हा गावातल्या बायांना तिथं कामं मिळाली. शालूला एका रिसॉर्टात खोल्या आवरायचं काम लागलं. ती खूश होती. तिनं अंथरलेल्या चादरीवर सुरकुती दिसायची नाही. संध्याकाळी घरी येऊन ती आमच्या पलंगावरची चादरही तशीच ताणून बसवायची आणि मला म्हणायची, "आता पाहुण्यासारखे झोपा."

एका भर सीझनमध्ये ते घडलं. पाहुणे गेटवर येऊन थांबले होते आणि एका खोलीचं न्हाणीघर पिवळं पडलेलं होतं. लवकर कर म्हणून वरून ओरडा चालला होता. शालूनं ॲसिड ओतलं. डाग निघेनात, म्हणून त्यावरच ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकलं. दार लोटलेलं, खिडकी बंद. असं दोन्ही एकत्र केलं की विषारी वायू होतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि बाटल्यांवरचं सगळं इंग्रजीत लिहिलेलं. ती खोकत बाहेर आली, मोहाच्या झाडाखाली बसली, पाणी प्यायली आणि थोड्या वेळानं उठून खोली पूर्ण केली. पाहुणे आत गेल्यावरच ती घरी आली. "छातीत जळजळ होऊन राह्यली," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला पायऱ्या चढवेनात. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, औषधं दिली, श्वासासाठी तोंडात घ्यायचा फवारा दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आतून भाजल्यासारखं झालं आहे, आता कुठलाही उग्र वास हिला सहन होणार नाही.

तेव्हापासून आमच्या घराची रीतच बदलली. फिनाईल, साबणाची पावडर, काचेवर मारायचा फवारा, अत्तर... सगळं गेलं. पण घर घाण ठेवणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. मग ती आईच्या घरच्या गोष्टी आठवून आठवून सांगू लागली. रिठे भिजत घालायचे, उकळायचे, कुस्करून गाळायचे. त्या पाण्यात कपडेही निघत आणि फरशीही. तांब्या-पितळेला चिंच. न्हाणीघराला खाण्याचा सोडा आणि वरून लिंबाची फोड. फरशीसाठी कडुनिंबाचा पाला उकळून थंड केलेलं पाणी. आरशाला साधं पाणी आणि रद्दी पेपर. कोणी तरी व्हिनेगर सुचवलं, ते आणून पाहिलं तर तिला ठसका लागला. "पोटाले चालते, नाकाले नाई चालत," म्हणून तिनं ती बाटली शेजारी देऊन टाकली.

आणि हे सगळं करायचं मी. ती अंगणात खुर्ची टाकून दारातून बघत बसायची. राखेनं भांडी घासायला घेतली की तिकडून हाक यायची, "राख वल्ली करा आधी, उडून राह्यली." एकदा मी जोशात रिठ्याचं पाणी फरशीवर जास्तच ओतलं. फेसच फेस झाला आणि मी तिच्यासमोर पाय वर होऊन आपटलो. ती हसली. इतकी हसली की हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं आणि ती छाती धरून वाकली. थोडं निवल्यावर डोळे पुसत म्हणाली, "हसवत नोका जाऊ हो मले." त्यानंतर मी घरात जपून बोलायचो. तिचं हसणं मला फार आवडायचं, आणि तेच येऊ नये म्हणून मी काळजी घ्यायचो. याहून वाईट काय असतं...

तिला रिसॉर्टात परत घेणं शक्य नव्हतं, आणि आत पाऊल टाकणं तिलाही शक्य नव्हतं. पण सकाळी बाया कामाला निघायच्या त्या वेळी ती तोंडाला दुपट्टा बांधून रस्त्याच्या कडेला उभी राहायची. नवी पोरगी दिसली की थांबवायची. "कोणत्या रिसॉर्टात लागली? बाई, दोन बाटल्यातलं एका ठिकाणी टाकू नोको. खिडकी उघड आधी. घाई केली कोणी तरी उघड." सुरुवातीला पोरी हसून निघून जात. मग तिचा खोकला ऐकून थांबू लागल्या. काहीजणी रिठ्याचं पाणी कसं करायचं ते विचारायला घरी येऊ लागल्या. त्यांतली कविता नावाची पोरगी तिच्या फार जवळची झाली. शालूला ती 'बाई' म्हणायची. तिनं एकदा आपल्या साहेबाला रिठ्याबद्दल विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, पाहुण्यांना खोलीत स्वच्छतेचा वास लागतो. कवितानं ते येऊन सांगितलं. शालू म्हणाली, "स्वच्छतेले कायचा वास? घाण गेली का वास संपला."

या हिवाळ्यात धुकं फार पडलं. तिला बसल्या बसल्या झोप घ्यावी लागे. आमची मुलगी प्रज्ञा बल्लारपूरहून यायची, तिच्या पाठीला उशा लावायची. शालूला स्वतःच्या श्वासापेक्षा घराचीच काळजी. "कोपऱ्यात जाळे झाले, पाहा." मी झाडू ओला करून जाळं काढायचो. त्या शेवटच्या सकाळीही मी निघताना ती म्हणाली होती, "लिंबं आणजा येताना. संपले."

तिच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला घर भरून माणसं आली. सावलीचे, बल्लारपूरचे नातेवाईक, सगळं गाव. रिसॉर्टातल्या बाया सुट्टी न मिळाल्यानं गणवेशातच आल्या होत्या, परत कामावर जायचं होतं त्यांना. भंतेजी येऊन बसले. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी तिचा फोटो ठेवला होता. लांबच्या एका पाहुण्यानं रीतीप्रमाणे अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला आणि फोटोसमोर लावला. त्याचं काही चुकलं नाही. शालूला धूर सोसत नव्हता म्हणून आमच्या घरात इतकी वर्षं वंदनेला फक्त मेणबत्ती आणि फुलं असत, हे त्याला कुठून माहीत असणार? धूर तिच्या चेहऱ्यावरून वर चढू लागला. माझे पाय उठू लागले, पण सगळ्यांसमोर उठून करणार काय... मी बसून राहिलो.

तेवढ्यात मागून कविता उठली. माणसांमधून वाट काढत पुढे आली, अगरबत्त्यांची ती जुडी उचलली आणि दाराकडे निघाली. दुसरी एक बाई उठून खिडक्या उघडू लागली. कविता माझ्याजवळून जात होती तेव्हा मी हळूच म्हटलं, "राहू दे पोरी. आता काय होते?"

ती थांबली. एका हातानं तिनं ती जुडी माझ्यापासून दूर धरली होती.

"नाई भाऊ," ती म्हणाली, "बाईले तरास होते."